भिंतीला आवळलेला पाइप

नोल्बेर्तो यान्येसचा कशावर म्हणून भरवसा नव्हता. सगळा जन्म भूकंपांच्या इकीके शहरात गेलेला, पायाखालची जमीन कधी हलेल याचा नेम नाही. त्यामुळे घरातलं कपाट, टीव्ही, देवीची तसबीर, सगळं त्यानं भिंतीला आवळून टाकलेलं. मोकळी राहिली होती फक्त बायको एदेल्मिरा आणि माशांची भलीमोठी टाकी.

टाकीतलं पाणी खालच्या खणातल्या गाळणीत उतरायचं आणि पंप ते नळीनं पुन्हा वर चढवायचा. ही रबरी नळी गेल्या हिवाळ्यात निसटली आणि खालच्या मजल्यावर ओतिलियाबाईंच्या छताचा पोपडा थेट त्यांच्या सूपच्या वाडग्यात पडला. बाईंनी बिल्डिंगची सभा बोलावली. ठरलं, पुन्हा एक थेंब जरी गळला तर मासे घराबाहेर. निवृत्त झाल्यापासून नोल्बेर्तोचा सगळा जीव त्या माशांत. त्याची झोपच उडाली.

"या वेळी कडक पाइप," तो म्हणाला. "सोल्युशन लावून कायमचा चिकटवतो. रबराचं नाव काढू नकोस."

"दुकानदार काय म्हणाला?" एदेल्मिरानं विचारलं.

"म्हणतो, लवचीक नळीच घ्या. जमीन हलली तर ती वाकते, तुटत नाही. त्याचं काय जातंय? छत त्याचं आहे का?"

"छत तुझंही नाही, म्हाताऱ्या."

पाइप बसला, दिसायलाही देखणा. पण हाताची खोड जाते कुठे? यानं तोही क्लिपा मारून भिंतीला आवळला आणि तिथंच माती खाल्ली. भिंत एकीकडे डोलणार, मोकळी टाकी दुसरीकडे, मग मधल्या जोडानं ऐकायचं कुणाचं? हे ध्यानात आलं ते सगळं वाळून दगड झाल्यावर. पण चूक कबूल करील तो नोल्बेर्तो कसला!

त्या दिवसापासून खालून ट्रक गेला तरी हा जोडाला कागद लावून ओल बघायचा.

"माझ्या गुडघ्याला इतक्यांदा हात लावला असतास तर मी नाचले असते," एदेल्मिरा म्हणाली.

रविवारी दोघं चहाला बसली होती. पाव, वर वाटलेला अवोकाडो. कप किणकिणले. कुणी उठलं नाही, एवढ्याशाला इकडे उठतं कोण. मग मात्र सगळी बिल्डिंग करकरायला लागली. एदेल्मिरा टेबल धरून उठायला गेली आणि तिचा गुडघा लचकला.

"नोल्बेर्तो, हात दे."

नोल्बेर्तो केव्हाच टाकीपाशी पोचला होता. दोन्ही हातांनी त्यानं जोड कवटाळला होता. पाणी काचेवर आपटत होतं. "थांब, थांब," एवढंच तो म्हणत होता. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

थांबलं. त्यानं कागद फिरवला.

"कोरडा आहे! एदेल्मिरा, अगं, कोरडा आहे."

ती जमिनीवर बसली होती, टेबलाचा पाय धरून.

"बरं झालं," ती म्हणाली. "हात रिकामे झाले असतील तर मला उठव आता."

त्यानं तिला उठवलं, खुर्चीत बसवलं, गुडघ्याखाली उशी दिली. मान काही वर होईना. मग पंप बंद करून तो करवत घेऊन आला.

"अरे, धड आहे ना तो पाइप?"

"धड आहे. पण पुन्हा हललं तर मी पुन्हा त्यालाच धरीन," तो म्हणाला आणि कापायला बसला.