लाल हापशाची देवी

रंजनाबाईला गावाचा राग आधीही यायचा. किळस आली ती पाण्यामुळं.

तापीकाठचं गाव, शिकल्यासवरल्या गुजर शेतकऱ्यांचं. केळी परदेशी धाडणारं, पोरांना सुरतेत इंजिनियर करणारं. अशा गावात पाणी तपासायला पाच बाया हव्यात असा सरकारी हुकूम आला, तेव्हा चौघींनी सह्या ठोकल्या, चहा ढोसला आणि घर गाठलं. रंजनाबाई तेवढी शेवटपर्यंत बसली. तिनं तपासणीच्या पट्ट्या वापरायचं शिकून घेतलं, चौकातल्या हापशाचं पाणी तपासलं आणि पट्टीवरचा रंग पाहून चरकलीच. खात्रीसाठी बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर तेच आलं. पाण्यात आर्सेनिक. म्हणजे आपला सोमल, उंदरांना घालायचे तो. कुणी टाकलेला नाही, खोल खडकातून आपसूक पाण्यात उतरणारा. त्याला ना चव, ना वास.

हापसा भूपेंद्रभाईनं वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, साडेतीनशे फूट खोल. कागद वाचून तो फिदीफिदी हसला.

"काकी, दोन शिट्टीमा दाळ शिजस ह्या पाणीमा. जहरमा कोठे दाळ शिजस का?"

झालं! ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी उत्तम, ही गावाची प्रयोगशाळा. मारुतीमागच्या जुन्या विहिरीचं पाणी तपासणीत स्वच्छ निघालं होतं, पण ते जड. त्यात तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली कचकच करायची, म्हणून विहीर वाईट. रंजनाबाईनं घसा फोडून सांगितलं, तेव्हा भूपेंद्रभाईनं मोठ्या मनानं तोडगा काढला, "उकाळीसन प्या, काम खतम." आणि सगळं गाव पातेली उकळत बसलं. अरे, अकलेच्या कांद्यांनो, उकळल्यानं वाफ उडते, सोमल नाही. उरल्या पाण्यात तो आणखी दाट होतो. पण ऐकतं कोण?

गाव गेलं खड्ड्यात, असं म्हणून ती गप्पही बसली असती. पण लेक मयूरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. हे पाणी पोटातल्या जीवाला जास्त बाधतं, हे रंजनाबाई प्रशिक्षणात ऐकून आली होती. म्हणून ती रोज विहिरीवरून तीन हंडे वाहायची, गुडघे कुरकुरत असताना. आणि मयूरी? नंदुरबारच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली बाई! डाळ कच्ची म्हणून ताट सरकवायची, आणि आईची पाठ फिरली की शेजारून हापशाच्या पाण्याचा तांब्या आणून घटाघटा प्यायची.

"सगळं गाव पेस ना, माय? कोण मरनं मंग?"

शेवटी जिल्ह्याहून एक माणूस आला आणि हापशाला लालभडक रंग फासून गेला. लाल म्हणजे पिऊ नका, असं दोनदा ओरडून सांगितलं त्यानं. रंजनाबाईला वाटलं, सुटले बाई एकदाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर हापशापुढं नारळ फुटलेला! भूपेंद्रभाईची आई सुंदरबाई. तिला तो लाल रंग दिसला आणि शेंदूर आठवला. मग हापशात देवी प्रगटायला कितीसा वेळ लागणार? चार दिवसांत हिरव्या बांगड्या आल्या, खण आले, अगरबत्त्यांचा धूर झाला. म्हसावदहून बाया रिक्षा भरभरून यायला लागल्या. काल जे नुसतं पाणी होतं, ते आज तीर्थ झालं. इंजिनियरांच्या आयाही डोळे मिटून ओंजळी लावत होत्या. रंजनाबाईला त्या गर्दीवर थुंकावंसं वाटलं.

वर सुंदरबाईनं नवा नेम काढला. मयूरीची ओटी शुक्रवारी देवीपुढंच भरायची, आणि गर्भारणीनं तांब्याभर तीर्थ एका दमात प्यायचं. रंजनाबाई नको म्हणाली, तिनं विनवलं, भांडली. "देवीना कोप व्हई," म्हणत मयूरीच आईवर खेकसली.

अंगात येणाऱ्या बायांची रंजनाबाईला जन्मभर शिसारी. ढोंगी मेल्या, म्हणायची. शुक्रवारी मयूरीनं तांब्या ओठांशी नेला, तेव्हा त्याच रंजनाबाईनं अंबाडा सोडला, किंकाळी फोडली आणि तांब्या हाताच्या फटक्यानं उडवला. भर चौकात घुमत, लाजेनं मरत ती ओरडली, "मन्हं पाणी कोणी तोंडले लावानं नही! जो पी, त्याना वंश बुडी जाई! विहीरनं पाणी प्या!"

चौकात पटापट डोकी जमिनीला टेकली. सरकारी कागदावर हसणाऱ्या भूपेंद्रभाईनं पाना आणवला आणि हापशाचा दांडा स्वतः काढला. तासाभरात विहिरीवर रांग लागली. डाळीचं नाव कुणी काढलं नाही. प्रयोगशाळेला जे आठ महिन्यांत जमलं नाही ते एका मोकळ्या अंबाड्यानं केलं! हसावं की जोड्यानं हाणावं एकेकाला, रंजनाबाईला कळेना.

घरी येऊन ती खाटेवर कोसळली. निदान लेकीला तरी खरं सांगावं, दोघी मिळून पोट धरून हसू, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात मयूरी विहिरीच्या पाण्याचा पेला घेऊन आली. अर्धा स्वतः प्यायली, अर्धा आईपुढं धरला आणि हळूच म्हणाली, "माय, देवी शे ना आजून अंगमा? इचार ना तिले, पोऱ्या व्हई का पोर?"

रंजनाबाईनं पेला घेतला. खरं सांगितलं, तर उद्या ही परत शेजारच्या घरी साठवलेलं हापशाचं पाणी पिईल.

तिनं डोळे मिटले, मान जराशी घुमवली आणि म्हणाली, "जे व्हई ते व्हई. विहीरनं पाणी सोडानं नही."

सात महिन्यांचं पोट सावरत मयूरी खाली वाकली आणि तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं.