नाल्याच्या पलीकडचं जंगल

रेंजर आजोबा कुणाच्याही घरी गेले, की आधी चपला काढत आणि मग रिकाम्या खोल्यांतले पंखे बंद करत फिरत. यजमानीण पाण्याचा पेला घेऊन त्यांच्या मागे. ईशान, मुक्ता, तुम्ही तिकडे दूर, म्हणून त्यांना फोटोतच पाहिलंय. माझ्या धाकट्या बहिणीचे, कुसुमआजीचे, ते यजमान. वनखात्यातून निवृत्त झाल्यावर इथे शहरात, तेलीबांध्याला आमच्याच इमारतीत राहायला आले.

एकदा शेजारचा बंटी चिडला. "अंकल, बिल तो पापा भरते हैं ना!"

"बिल तुझे पापा भरते रे पोट्ट्या," ते म्हणाले, "खोदलेला डोंगर कोन भरते?"

म्हणून ते विजेचे वैरी होते असं समजू नका. उत्तरेकडच्या जंगलात कोळशाची खाण येणार असं कळलं, तेव्हा आमच्या गच्चीवर दोन तट पडले. हे एकटेच मधले. "मलेही कूलर लागते, ताई. साधू थोडीच आहो मी? पण स्वयंपाकघर वाढवाले कोनी देवघर पाडते काय?"

नोकरीतली उमेदीची वर्षं त्यांनी त्याच जंगलात काढली होती, म्हणून खाणवाल्या कंपनीने त्यांना सल्ल्याला बोलावलं. त्यांनी तोडगा सुचवला: नाल्याच्या अलीकडे खाण करा, पलीकडचं सालवृक्षांचं जंगल, जिथून तिथल्या गावाला पाणी येतं, त्याला हात लावू नका. साहेबांनी माना डोलावल्या. गावकरी ऐकेनात, तेव्हा आजोबा स्वतः गेले, पारावर बसले, शब्द दिला. एक म्हातारी एवढंच म्हणाली, "हव साहेब, तोर भरोसा हे." त्यांच्यावरच्या त्या भरवशावर गाव तयार झालं.

पुढचं लिहिताना मला अजून किळस येते. पहिली झाडं पडली ती नाल्याच्या पलीकडची. कारण काय, तर ट्रकांना रस्ता तिकडून सोयीचा! आजोबा तडक कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या गुळगुळीत साहेबाने काजूकतलीची बशी पुढे सरकवली आणि म्हणाला, "अंकल, टेंशन मत लीजिए. बदले में उरला के पास पौधे लगा रहे हैं." उरल्याला! जिथे कारखान्यांच्या काजळीत पानाचा रंगसुद्धा ओळखू येत नाही.

घरी येऊन ते बराच वेळ हात धूत राहिले. "सालाचं जंगल लावता येत नाही, ताई," म्हणाले. "ते असते, नाहीतर नसते."

त्यानंतर त्या गावाला जायचं म्हणून ते कितीदा तरी बसमध्ये बसले. शहराच्या वेशीवरच्या भनपुरीपर्यंत जायचे, उतरायचे आणि परत यायचे. कुसुमने विचारलं, की म्हणायचे, "कोन्या तोंडानं जाऊ?" शेवटपर्यंत गेले नाहीत.

गेल्या वर्षी ते वारले. तेरावाही झाला नव्हता, तोच कंपनीची दोन माणसं भलामोठा हार घेऊन दारात. उरल्याच्या त्या रोपांना आजोबांचं नाव द्यायचं होतं. फलक रंगवून तयार होता; कुसुमआजीने फक्त फीत कापायला यावं.

जन्मात कुणाला उलट न बोललेली माझी बहीण उंबऱ्यातच उभी राहिली. "ह्यायच्या शब्दावर तुम्ही जंगल नेलं," ती म्हणाली. "आता नावावर काय नेऊन राहिले?"

आणि तिने दार लावून घेतलं. हार त्यांच्या हातातच राहिला.