दुधाची वाटी आणि पांढरं विमान

गहिनीनाथ मेजर खरं तर मेजर नव्हते. हवाई दलात वीस वर्षं त्यांनी विमानांना रंग दिला, उडवलं एकही नाही. पण पेन्शनीत निघून वाडीत परतले तेव्हा पायात चकाचक बूट आणि दाढी रोजच्या रोज गुळगुळीत. गावानं परस्पर बढती देऊन टाकली. "अरे बाबांनो, मी पेंटर होतो," असं त्यांनी सुरुवातीला सांगून पाहिलं, कुणी मनावर घेतलं नाही. मग तेही मेजर म्हटलं की ओ देऊ लागले.

मी युसूफ. दिंद्रुडच्या अलीकडं आमची वाडी आहे. वाडीतल्या महिला दूध संस्थेचे कॅन रोज सकाळी माझ्या टेम्पोतून शीतकरण केंद्रावर जातात. संस्थेच्या सचिव मेजरांच्या बायको, केशरबाई. म्हणून दुधाचं संकलन त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत. पुढच्या खोलीत दूध आणि मागच्या खोलीत विमानं, असा तो संसार.

नोकरीत ज्या ज्या विमानाला मेजरांचा हात लागला, त्याची वीतभर प्रतिकृती ते मागच्या खोलीत करायचे. खिडक्या, चाकं, शेपटीवरचे आकडेसुद्धा बारकाव्यानं. रंग कुंचल्यानं नाही, एअरब्रशनं. म्हणजे पेनाएवढी एक पिचकारी आणि तिला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर. तो कॉम्प्रेसर जुन्या फ्रिजचा, बीडच्या भंगारातून मीच उचलून आणून दिलेला. तेव्हा पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि हा हात तर त्यातला लहानच.

दोन हजार पंधराच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही, विमान आलं. ढगांवर मिठाची फवारणी करून पाऊस पाडणारं पांढरंशुभ्र विमान. आमच्या वाडीवरून दोनदा गेलं. टँकरपाशी हंडे लावून उभ्या बायका माना वर करून बघत राहिल्या. पाऊस काही पडला नाही, पण मेजरांच्या डोक्यात ते विमान बसलं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणून त्यांनी ते कोरायला घेतलं, घासून गुळगुळीत करेपर्यंत उन्हाळा लागला.

आतापर्यंत ते परसात बसून रंग मारायचे. पण त्या उन्हाळ्यात वाडीभर नुसता फुफाटा उडत होता, आणि पांढऱ्या ओल्या रंगावर धुळीचा एक कण बसला की मेजरांचा दिवस वाया. म्हणून ते आत आले. खिडक्या लावल्या. लाईट सकाळीच असायची, म्हणून सातला बसायचे ते लाईट जाईपर्यंत. नोकरीत वापरायचे तसला डबीवाला मास्क तोंडावर चढवला. स्वतःच्या नाकाला माणसानं मुसकं बांधलं, पण भिंतीपलीकडं त्याच वेळी दुधाचा शेवटचा कॅन उघडा असतो, हे त्या विद्वानाच्या ध्यानात आलं नाही.

आमच्याही आलं नाही. कारण केशरबाईंचं नाक. प्रत्येक बाईची किटली त्या नाकाखालून जायची आणि एका हुंगण्यात निकाल लागायचा. "कालचं मिसळलंस." "म्हशीला औषध चालू हाय ना? चार दिवस आनू नको." त्या नाकापुढं अपील नव्हतं.

एका बुधवारी केंद्रावरच्या परीक्षकानं आमच्या शेवटच्या कॅनचं झाकण काढलं, नाक आत घातलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"रॉकेल," तो म्हणाला.

कॅन परत. मी वाडीत आलो तेव्हा बायका जमल्याच होत्या. शेवटच्या कॅनमध्ये शेवटचं दूध कुणाचं? छबुबाईचं. त्या लांबच्या वस्तीवरून चालत येतात, त्यांना उशीर होतोच. एकटी बाई, एक गाय. आणि तेवढ्यात मी तोंड उघडलं.

"काल छबुमावशी रेशनचं रॉकेल घेऊन चालल्या होत्या. एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्या हातात किटली."

बोललो ते खरं होतं. पण त्याला विचारलं कुणी होतं? गुरुवारी पुन्हा कॅन परत आला. संस्थेचा नियम असा, की दोनदा दूध परत आलं तर त्या बाईचं दूध सहा महिने बंद. केशरबाईंनी स्वतःच्या हातानं तसं लिहिलं.

छबुबाई रडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "माह्या दुधाला वास हाय, तर तुमी घेतलं कावून? तुमचं नाक तर लई तिखट!"

 आम्ही नियमाकडं बोट दाखवलं. त्यानंतर आठवडाभर सगळे कॅन पास झाले, मग तर दोष छबुबाईचाच हे नक्की ठरलं. आता सांगायला सोपं आहे, की मेजरांचे रंगाचे पहिले दोन हात मारून झाले होते आणि आठवडाभर ते विमान नुसतं घासत बसले होते.

पुढच्या गुरुवारी छबुबाई माझ्या टेम्पोपाशी आल्या. "सोमवारी मोकळा हाईस का बाबा? गाय बाजारात न्यायची."

"कावून मावशी?"

"दूध जाईना, तर वैरण कशाची घेऊ?"

मी हो म्हणालो. काय म्हणणार? मला माझीच लाज वाटत होती.

शुक्रवारी पुन्हा एक कॅन परत आला. मी तो घेऊन मेजरांच्या दारात पोचलो, तर छबुबाई उंबऱ्यात उभ्या. संस्थेचं कार्ड परत करायला आल्या होत्या. हात पुढं केलेला तसाच ठेवून त्या नाक वर करून हुंगत होत्या.

"केशरबाई, घरात रंगाचं काम काढलंय का?"

"रंग? न्हाई बा."

"लई उग्र वास येतोय की."

केशरबाईंनी मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. "मला तर काहीच येत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. बारा वर्षं त्या वासात नांदलेलं नाक होतं ते. गोठ्यातल्या माणसाला शेणाचा वास येतो का? मी माझ्या हातातल्या कॅनकडं बघितलं. हे दूध तर छबुबाईचं नव्हतंच.

केशरबाई आत गेल्या. वाटीत घरच्या म्हशीचं दूध घेतलं, मागच्या खोलीचं दार ढकललं आणि मास्क लावून बसलेल्या नवऱ्याशेजारी वाटी ठेवली. पाऊण तास ठेवली. मग ती छबुबाईंपुढं धरली.

"ह्योच त्यो," छबुबाई म्हणाल्या. "रॉकेलावानी."

मेजरांनी मास्क काढला. वीस वर्षांच्या नोकरीत कुणी कधी त्यांना जेवढं झापलं नसेल, तेवढं केशरबाईंनी एका वाक्यात झापलं. "आता ह्या घरात एक तर तुमचं विमान ऱ्हाईल, न्हाई तर दूध."

"मला रविवारपर्यंत वेळ द्या," मेजर म्हणाले.

बंदी एकट्या केशरबाईंना उठवता येत नव्हती, त्याला संस्थेच्या पंच बायका लागत. त्यांची बैठक रविवारी, बाजार सोमवारी. मेजर छबुबाईंच्या वस्तीवर स्वतः गेले आणि रविवारी नाक घेऊन या म्हणाले. "आधी माझं नाव साफ करा, मग नाक लावते," छबुबाईंनी सुनावलं. "त्याच्यासाठीच बोलावतोय," मेजर म्हणाले. कधी नव्हे ते बूट काढून अंगणात उभे होते.

दोन दिवस मीही त्यांच्या हाताखाली राबलो. त्यांच्या पेटीत चार जातीचे रंग होते. एक लॅकर, थिनरमधलं. मिनिटात वाळणारं, आरशासारखी चकाकी देणारं, आणि हाच आपला चोर. दुसरा तेलरंग, टर्पेंटाइनमधला. त्याचा वास मवाळ, पण वाळायला तीन दिवस आणि तीन दिवस घर दरवळतं. तिसऱ्या बाटलीवर लिहिलं होतं, कमी वासाचा. रंगाला खरंच वास नव्हता, पण तो पातळ करायचा स्पिरिटमध्ये, आणि मारला की खोलीचा दवाखाना. चौथा निव्वळ पाण्यातला. ती बाटली मेजरांनी कधी उघडलीच नव्हती. "हा शाळेतल्या पोरांचा रंग," ते म्हणायचे.

आता तोच उघडावा लागला, आणि त्यानंही लगेच नखरे दाखवले. आमच्याकडचं ऊन असं, की रंग पिचकारीच्या टोकातच वाळायचा. बोअरच्या पाण्यात कालवला तर खारानं टोक चोंदायचं. शेवटी माझ्या टेम्पोच्या बॅटरीसाठी ठेवलेलं बिनखाराचं पाणी कामी आलं, आणि ग्लिसरीनचे दोन थेंब. जाड हात मारायचा नाही, धुक्यासारखे पातळ पातळ पाच हात. पिचकारी धुवायला पेलाभर पाणी, टँकरच्या गावात तेही मोजून. "वास नाही म्हणजे काही नाही असं नाही, युसूफ. तुषार छातीत जातोच," असं म्हणून मेजरांनी मास्क ठेवलाच, आणि कूलरचा पंखा उलटा बसवून हवा परसाकडं काढली.

रविवारी चार लाकडी फळ्या चार रंगांनी रंगवल्या. एकेक फळी दुधाच्या वाटीसोबत वेगळ्या पेटीत तासभर कोंडली, आणि पाचव्या पेटीत नुसतंच दूध. छबुबाई पंचांकडं पाठ करून बसल्या. पहिली वाटी हुंगून म्हणाल्या, "दवाखाना." दुसरी, "रॉकेल. परवाचंच." ती लॅकरची. तिसऱ्या वाटीवर, "तेल हाय कसलं तरी." उरलेल्या दोन वाट्या त्यांनी तीन तीनदा हुंगल्या.

"ह्या दोन्हीत काय न्हाई. दूध हाय नुसतं."

मेजरांनी डोळे मिटून घेतले. पंच बायकांनीही एकेक वाटी हुंगली आणि तिथल्या तिथं बंदी उठवली. मी छबुबाईंना वाटेत गाठून हळूच म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

"काय म्हनलास? ऐकू न्हाई आलं," असं म्हणून त्या चालत्या झाल्या.

सोमवारी सकाळी गाय वस्तीवरच राहिली आणि तिचं दूध केशरबाईंच्या पुढच्या खोलीत आलं. सगळी वाडी रांगेत. केशरबाई नेहमीच्या पाटावरून उठल्या. "माझं नाक आता ह्या घराचं झालंय," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "आजपासून दूध छबुबाई बघतील." त्यांनी पाट स्वतः पुसून दिला.

छबुबाई बसल्या. पहिली किटली नाकाशी नेली, थांबल्या, आणि माझ्याकडं बघितलं.

"युसूफ, तू लांब सरक. अंगाला डिझेल मारतंय तुझ्या."

मी दोन पावलं सरकलो. "आनखी," त्या म्हणाल्या. असं करत करत मला त्यांनी पार रस्त्यापलीकडं टेम्पोपाशी नेऊन उभं केलं, आणि किटली खाली ठेवून वाट बघत बसल्या. एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे ओरडण्यावाचून इलाज नव्हता.

"छबुमावशीचं दूध चांगलं होतं!" मी ओरडलो. "रॉकेलचं नाव मी घेतलं! मी चुकलो!"

"आता आलं ऐकू," छबुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी किटली उचलली.