कवड्यानं नाकारलेलं पाणी

आमच्या गावच्या अण्णाजींचा विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक स्वतःचे डोळे, दुसरं कवड्या बैलाचं नाक. बाकी जगाकडे ते दाराच्या फटीतून पाहावं तसं पाहत. दूधवाल्यानं माप जरा वर भरलं, तरी त्या दिवशी ते चहा प्यायच्या आधी दुधाचा वास घेत.

सेवाग्रामच्या रस्त्यावर, नाल्याच्या पलीकडे मातीचं हॉटेल उभं राहिलं तेव्हा तर त्यांची झोपच पातळ झाली. सिमेंटची घरं बांधायला गावानं जुनी घरं पाडली होती. त्यांचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, सागाची दारं, आढी हॉटेलवाल्यांनी वेचून नेली. अण्णाजींच्या छपराचे कवेलूही त्यात गेले.

"श्रीमंत माणूस दुसऱ्याचं जुनं काऊन नेते?" ते पारावर विचारत. "याच्यात कायतरी काळंबेरं हाये."

हॉटेलातल्या भाजीच्या सालींचं खत व्हायचं आणि ते बाजूच्या वावरात जायचं. आंघोळीचं पाणी कर्दळीच्या तीन टाक्यांतून गाळून बागेला मिळायचं. "एक थेंबही नाल्यात जात नाही, काकाजी," असं तिथली व्यवस्था पाहणारी मंजुषा सांगायची. हसून सांगायची, म्हणून अण्णाजींना ते जास्तच खोटं वाटायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैल नाल्यावर धुतात, त्यांचे खांदे हळदी-तुपानं शेकतात आणि सांजेला त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. त्या साली श्रावण कोरडा गेला होता. नाल्याला घोटा बुडेल इतकंच पाणी होतं. अण्णाजींनी कवड्याला सकाळीच घाटावर नेलं. बैलानं पाण्याशी नाक नेलं, फुरफुरला आणि मागे सरला. पाण्यावर साबणाचा फेस होता.

शेजारचे बंडूजी आपला बैल घेऊन उभेच होते. "बैल शहरातला झाला का, अण्णाजी? बिस्लेरी मांगून राह्यला वाटते."

"हासू नका," अण्णाजी म्हणाले. "त्याले समजलं. हे पाणी हॉटेलाचं हाये. आज मी पकडतोच."

नाल्याचा घाट गेला तर बैलांना धुवायचं कुठं? आणि न धुतलेल्या बैलाला आवतन कोणत्या तोंडानं द्यायचं? एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

पोळ्यासाठी आणलेल्या गुलालाची पुडी धोतराच्या कनवटीला खोचून ते दुपारी हॉटेलात गेले. "माह्या घराचे कवेलू पाहाले आलो," म्हणाले. मंजुषानं त्यांना सगळीकडे हिंडवलं. आपले कवेलू दुसऱ्याच्या डोक्यावर पाहून त्यांना क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचाही त्यांना संशय आला. हात धुवायला म्हणून ते आत गेले आणि अख्खा गुलाल बेसिनमध्ये ओतून आले. आता हा रंग नाल्यात उतरला, की चोर सापडला.

गुलाल सांडून धोतर लाल झालं होतं. घरी येऊन त्यांनी ते बदललं आणि सुनेकडे टाकलं.

"मामाजी, पोळा तर उद्या हाये," वर्षाली म्हणाली. "तुम्ही आजच खेळून आले?"

"तू मशीन लाव. बाकी विचारू नको."

आणि ते कवड्याला घेऊन पुन्हा घाटावर जाऊन बसले. ऊन कलंडायला लागलं. मग पाण्यावर गुलाबी रेघ आली, लांबत गेली, कवड्याच्या पायांशी येऊन पसरली. अण्णाजी इतक्या शांतपणे उठले, की बंडूजींना त्यांची भीती वाटली.

घाटावरची माणसं घेऊन ते हॉटेलच्या फाटकाशी गेले. मंजुषानं टाक्यांकडे बोट केलं. पहिल्या टाकीत कर्दळीच्या बुडाशी गुलाल साचला होता. तिसऱ्या टाकीत आभाळ दिसत होतं.

"मंग नाल्यात कुठून आला?" अण्णाजींनी विचारलं.

बंडूजी नाल्याच्या काठानं उलटे चालत गेले. घाटाच्या वरच्या अंगाला गावाची नवी सिमेंटची गटार नाल्यात पडते. तिथून त्यांनी हाक मारली, "अण्णाजी, या. तुमचं धोतर येऊन राह्यलं."

गटारीच्या तोंडातून लालसर फेस गळत होता. मागे गावातल्या सगळ्या घरांच्या मोऱ्या होत्या. पहिली अण्णाजींची.

बंडूजी हसले, पण तोंड फिरवून.

मंजुषा म्हणाली, "काकाजी, तिसऱ्या टाकीचं पाणी बैलांना घ्या."

अण्णाजींनी बादली भरली, आधी स्वतः वास घेतला, मग कवड्यापुढे धरली. बैलानं नाक घातलं, थांबला. सगळेच थांबले. मग तो घोट घोट पीत राहिला. त्याच पाण्यानं बैल धुतले गेले, आणि धुतलेलं पाणी वाफ्यात गेलं.

सांजेला तिथंच, हॉटेलच्या आवारात, खांदे शेकून झाले. अण्णाजींनी कवड्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग फाटकाशी उभ्या मंजुषाकडे वळले.

"तुम्ही बी येजा. येताना कर्दळीचे कंद आणा, माह्या मोरीपाशी लावतो." दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले. "पण स्वयंपाक माह्या विहिरीच्या पाण्यात होईन. तुमचं पाणी अजून एकाच बैलानं पेलं हाये."