तत्कालीन सरपंच

यशोदा भोये यांचं सरपंचपद २००५ च्या उन्हाळ्यात रद्द झालं. निवडून आल्या त्या दिवशी त्यांचं वय एकवीस पूर्ण नव्हतं, असं आदेशात म्हटलं होतं. तोवर दीड वर्ष त्या पेठ तालुक्यातल्या एका डोंगरी गावाच्या सरपंच होत्या. पुढच्या द्राक्ष हंगामात त्या वारल्या.

मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकात जिल्ह्याच्या बातम्या पाहत असे. पहिली भेट त्यांचं पद जाण्यापूर्वीची. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक बाई सुपात खुरासणी पाखडत बसली होती. "सरपंच कुठे भेटतील?" मी विचारलं. तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"मीच की," ती म्हणाली. "अजून सवय नाय झाली, दादा."

'सरपंच' अशी हाक आली की त्या हमखास मागे वळून पाहत. गावातल्या बाया त्यावरून चिडवत. "मागं कोन बघतीस गं? तुलाच बोलावलंय. का दुसरी निवडून आनू?"

मी गेलो होतो दारूच्या बातमीसाठी. गावाच्या फाट्यावर देशी दारूचं परवानाधारक दुकान होतं. यशोदाबाईंच्या अध्यक्षतेखाली ग्रामसभेने दुकानबंदीसाठी मतदान घेण्याचा ठराव केला. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान राहावं असं वाटणाऱ्यांनी उभीवर शिक्का मारायचा, बंद व्हावं असं वाटणाऱ्यांनी आडवीवर. बायांनी बाटली आडवी केली आणि दुकानाला कुलूप लागलं.

यशोदाबाईंचे पती काशिनाथ त्या दुकानाचे रोजचे गिऱ्हाईक होते. दुकान बंद झाल्यावर त्यांचं पिणं सुटलं, असं शेजारी सांगत. पेठ लांब, आणि तिथवर जाऊन पिण्याचा त्यांना कंटाळा होता. यशोदाबाई स्वतः एवढंच म्हणत, "सांजचा घरी येतो. आला की जेवतो. आमच्या घरात हे नवं हाय."

दुकानदाराने त्यांच्या शाळेचा दाखला मिळवला आणि वयाची तक्रार केली. दाखल्यावर जन्मतारीख एक जून होती. गावातल्या बहुतेकांची एक जूनच होती. पहिलीत नाव घालताना मुलाची तारीख कोणाला सांगता येत नसे. मास्तर मुलाचं वय सहा धरत आणि एक जून लिहीत. यशोदाबाईंचे आईवडील बागांच्या कामाला फिरत असल्याने त्या शाळेत उशिरा गेल्या होत्या. मास्तरांनी त्यांनाही सहाचं केलं, त्यामुळे कागदावर त्यांचं वय खऱ्याहून कमी राहिलं.

"एक जूनला आमच्या गावात पेढे वाटायचे म्हटलं तर खायला कोन उरनार नाय," त्या म्हणत. "समदेच वाटनारे."

सुनावणीला त्यांची आई आली होती. "नागली झोडत व्हते तवा झाली," तिने सांगितलं. नागली म्हणजे नाचणी पावसाळ्यानंतर झोडतात, जूनमध्ये नाही, हे कोणी नाकारलं नाही. पण कोणत्या वर्षीची नागली, याला कागद नव्हता. दाखला ग्राह्य धरला गेला.

महिन्याभरात दुकानदाराचा दुसरा अर्ज आला. सरपंच मुळातच सरपंच नव्हती, म्हणून तिच्या अध्यक्षतेखालचा ठराव रद्द, त्या ठरावावर झालेलं मतदान रद्द आणि कुलूपही बेकायदा. फाट्यावर तो लोकांना सांगत असे, "बाईच खोटी, तर बाईचा ठराव खरा कसा रे?"

पदासाठी अपील करता येईल, असं नाशिकच्या देवरे वकिलांनी सुचवलं. त्यांच्याकडे यशोदाबाईंना मीच नेलं होतं. "पदाचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "बाटली परत उभी ऱ्हाईल का, ते सांगा."

वकिलांनी समजावून सांगितलं. माणूस उघडपणे खुर्चीवर बसतो, निवडणूक होऊनच बसलेला असतो आणि सगळे त्याला सरपंच मानून कामं करून घेतात. पुढे त्याची निवड रद्द झाली, तरी आधी केलेली कामं सहसा टिकतात. नाहीतर प्रत्येक दाखल्याआधी लोकांना सरपंचाचं वय तपासावं लागेल.

"म्हंजी मी सरपंच नव्हते, पन ठराव सरपंचाचाच?"

"हो. पण ही सवलत तुमच्यासाठी नाही, बाई. लोकांसाठी आहे."

त्या हसल्या. "कायदा बी आमच्या मास्तरासारखाच हाय. सोयीची तारीख लिवतो." मग म्हणाल्या, "माझ्यासाठी नसंना. टिकू द्या म्हंजी झालं."

निर्णय लांबला. पेठच्या एसटीडी बूथवरून त्या अधूनमधून आमच्या दैनिकाच्या कचेरीत फोन करत. नाव सांगत नसत. "दादा, बाटलीचं काय झालं?" एवढंच विचारत. माझे सहकारी फोन माझ्याकडे देताना म्हणत, "तुमची बाटली आली." पदाबद्दल त्यांनी मला कधीच विचारलं नाही. शेवटच्या फोनवर त्यांनी सांगितलं, की निफाडकडे द्राक्षांच्या कामाला चाललेय, आता तिकडून फोन करीन.

मजुरांना घेऊन निघालेली जीप घाटात उलटली. यशोदाबाई जागीच गेल्या. काशिनाथ त्याच जीपमध्ये होते. त्यांचा हात मोडला. बातमी मीच लिहिली. 'माजी सरपंच' लिहावं की नाही, असं मी डेस्कला विचारलं. आदेश पाहून डेस्कने 'शेतमजूर महिला' केलं.

दुकानदाराच्या अर्जाचा निर्णय त्यानंतर आला. ग्रामसेवकाने तो ग्रामसभेत वाचला. मी हजर होतो. काशिनाथ पुढे बसले होते. मोडलेला हात गळ्यात बांधलेला होता, आणि ते प्यायलेले नव्हते. 'तत्कालीन सरपंच श्रीमती यशोदा काशिनाथ भोये यांच्या अध्यक्षतेखाली झालेला ठराव वैध असून अर्ज फेटाळण्यात येत आहे.'

"तत्कालीन म्हंजी काय?" काशिनाथांनी विचारलं.

"त्या टायमाची," ग्रामसेवक म्हणाला.

"म्हंजी व्हती."

ग्रामसेवकाने कागदावर पुन्हा नजर टाकली. "त्या टायमाला व्हती."

दुकान पुन्हा उघडलं नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आजवरच्या सरपंचांच्या नावांचा फलक आहे. मी शेवटचा पाहिला तेव्हा त्यावर यशोदा भोये हे नाव नव्हतं.