काचवाला आणि त्याचा पैलवान

माझ्या बहिणीचा नवरा मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी म्हणायला नको, हिनं आडून वार केले. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, पाठीमागे काचवाला. गल्लीही काचवालाच म्हणते, कारण कोपऱ्यावर त्याचं काच कापायचं दुकान आहे, आणि त्या धंद्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही हे मलासुद्धा कबूल करावं लागतं. आरसा असो नाहीतर दुकानाचं दार, हिऱ्याच्या टोकाच्या कलमानं एकच रेघ ओढणार, खालून हलकी टिचकी मारणार, की काच सरळ दोन तुकड्यांत हातात येणार. कापण्याआधी काचेवर बोटाच्या पेरानं ठकठक करून तो कान लावतो. आवाजावरून आतली चीर ओळखतो म्हणे. घरी आला की त्याच कानांत बोळे बसतात.

तो दारू पीत नाही, हात उगारत नाही. म्हणून सगळे म्हणतात, गुणी नवरा. एवढ्यावर गुणी ठरायचं असेल तर आमच्या दारातला विजेचा खांबही गुणी आहे.

ताई रफू करते. इस्त्रीनं जळलेला कोट, उंदरानं कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट तिच्याकडून परत आली की भोक कुठं होतं ते मालकालाच सापडत नाही. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा उपसायचा आणि त्यानंच वीण भरायची. धागा पुरला नाही तर हुबेहूब रंगाचा दुसरा शोधायचा. हे काम दिवसाच्या उजेडातच होतं. ट्यूबखाली काळा आणि गडद निळा एकच दिसतात, आणि गिऱ्हाईक उन्हात गेलं की सगळं पितळ उघडं पडतं. त्यांच्या घराला खोल्या दोन. स्वयंपाकघराला शेजारच्या इमारतीची भिंत चिकटलेली. बाहेरच्या खोलीला रस्त्याकडची एक खिडकी. लग्न झाल्यापासून ताईचं स्टूल त्या खिडकीशी होतं.

ती जागा एका कोळंबीनं घेतली. कोळंबी म्हटलं की काचवाल्याला झोंबतं, म्हणून मी मुद्दाम म्हणते. त्या प्राण्याचं खरं नाव मँटिस श्रिंप. पाळायचे मासे विकणारा एक दुकानदार याच्याकडून टाक्यांच्या काचा कापून न्यायचा. त्याच्याकडे समुद्रातल्या दगडाच्या भोकात लपून हा पाहुणा आला आणि टाकीतले खेकडे, शिंपले, भारीतले मासे एकेक करून फस्त करून बसला. मासेवाला रडकुंडीला आला होता.

"फुकट घेऊन जा," तो म्हणाला, "पण काचेत ठेवू नका. ठोसा मारतो हा. शिंपला फोडतो, एखाद्या दिवशी काचही फोडेल. ॲक्रिलिकची टाकी करा."

"प्लॅस्टिक?" काचवाला म्हणाला. "माझ्या घरात?"

हा संवाद तो स्वतःच येईल त्याला ऐकवायचा, छाती फुगवून. त्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या हातानं टाकी बांधली आणि खिडकीखाली मांडली, कारण तेवढी रुंद भिंत दुसरीकडे नव्हती. मग लक्षात आलं की ऊन लागलं तर पाणी तापतं, काचेला शेवाळ धरतं. झालं, आख्ख्या खिडकीवर प्लाय ठोकून मोकळा झाला.

"अहो, मी कुठं बसू?" ताईनं विचारलं.

"ट्यूब आहे की."

ताई मूग गिळून बसली. बसली म्हणजे जिन्यात जाऊन बसली. वरच्या मजल्यावरचे लोक सामान घेऊन चढायला लागले की मांडीवरचा कोट गोळा करून उभी राहायची, ते गेले की पुन्हा बसायची. मला हे कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दिसायला तो प्राणी देखणा, खोटं कशाला बोलू? हिरवंगार अंग, लालभडक पाय, दांड्यांवर बसवलेले डोळे, आणि एक डोळा इकडे बघताना दुसरा भलतीकडेच. हनुवटीखाली दोन सोटे मिटून धरलेले. काचवाल्यानं त्याचं नाव ठेवलं पैलवान. त्याच्यासाठी मिठाचं पाणी मोजून कालवायचं, पंप धुवायचा, जिवंत खेकडे आणायचे, आणि तो खेकडा फुटताना तोंडाचा आ करून बघत बसायचं. ताईला ताप आला होता तेव्हा याच माणसाला औषधाच्या दुकानाचा रस्ता आठवत नव्हता.

त्याहून डोक्यात जायची ती सकाळची ठकठक. चहाचा कप हातात घेऊन तो टाकीच्या खालच्या कोपऱ्यावर पेरानं दोनदा वाजवायचा, दुकानात वाजवतो तसंच, ठरलेल्या जागी. पैलवान बिळातून सुसाट यायचा आणि आतून त्याच जागी टक्‌ करून हाणायचा.

"बघितलंस? ओळखतो मला," तो मला म्हणायचा. "आणि काच ऐक कशी खणखणीत आहे."

"ओळखत नाही, मारतोय तो तुम्हाला," ताई दारातून म्हणायची.

"तुला काचेतलं काय कळतं?"

रोज एकाच जागी डिवचून काचवाल्यानं त्या प्राण्याला मारायची जागा शिकवली. दुसऱ्या कुणी हा उद्योग केला नसता. दुसरा कुणी काचेशी बोलायलाच गेला नसता.

प्लाय लागून दोन वर्षं होत आली तेव्हा ताईला धागे पुसट दिसायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी घेऊन गेले. ते म्हणाले, हा आजार थांबणारा नाही, नजर हळूहळू कमीच होत जाणार. उजेडानं बरं होणार नाही, पण दिवसाच्या उजेडात बसलात तर आहे त्या नजरेत काम करता येईल, तेवढं पदरात पाडून घ्या. मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या तोंड सोडलं.

"भाऊजी, तो प्लाय काढा. आजच्या आज."

"भरलेली टाकी अशी हलवत नाहीत," तो म्हणाला. "पाणी बिघडलं तर मरेल तो."

"आणि ताई?"

"तिला काय झालंय? चालती-फिरती आहे."

मी तिकीटखिडकीवर काम करते. दिवसभर जाळीतून लोकांशी भांडते, माझ्याकडे शब्दांची वानवा नाही. त्या दिवशी होते-नव्हते तेवढे सगळे वापरले. तो पंप धूत राहिला.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा गेले, प्लाय काढल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवूनच. हा चहा घेऊन टाकीपाशी उभा होता. ठकठक केली. पैलवान आला, हाणलं. यानं हसून पुन्हा वाजवलं. पुन्हा हाणलं. कोपऱ्यातून एक रेघ सरसर वर गेली आणि पुढची काच फुटून सगळं पाणी खोलीत आलं.

पंपाच्या आणि दिव्यांच्या वायरी जमिनीवरच्या बोर्डात खोचलेल्या होत्या, आणि काचवाला त्या पाण्यात गुडघे टेकून वाळू चिवडत होता.

"उठा! आधी बाहेर या!" ताई ओरडली.

"बादली दे! बादली दे लवकर!"

ताईनं स्वयंपाकघराच्या दारामागचं मेन स्विच खाली ओढलं. तो माणूस आज जिवंत आहे तो त्यामुळे. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. भर सकाळी खोलीत मिट्ट काळोख झाला आणि काळोखात तो गुरासारखा ओरडला. पैलवान सापडला होता.

ताई हत्यारांच्या पेटीपर्यंत चाचपडत गेली. तिनं त्याचीच पटाशी काढली, चौकटीत घातली आणि प्लाय उचकटला. कडाकड आवाज करत तो खाली आला. ऊन थेट आतल्या दारापर्यंत गेलं. काचांमध्ये बसलेल्या काचवाल्याचा अंगठा नखापासून फुटला होता, मनगटावरून रक्त गळत होतं, आणि तो म्हणाला, "अगं, ऊन लागेल त्याला!"

मला त्याची दया आली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पैलवान बादलीत गेला, काचवाला दवाखान्यात. अंगठ्याचं हाड चिरलं होतं. मी ताईबरोबर राहून काचा वेचल्या, फरशी पुसली. दुपारी तो मोठं बँडेज बांधून आला आणि दारातच म्हणाला, "जाड काच मागवतो. यावेळी चूक नाही होणार. टाकी होती तिथंच बसेल."

ताईनं स्टूल उचललं, खिडकीशी ठेवलं आणि त्यावर बसली.

"इथं मी बसलेय," ती म्हणाली.

"मग त्याला कुठं ठेवू?"

"दुकानात न्या. करमत नसेल तर तुम्हीही तिथंच राहा."

ताईनं त्याला असं सुनावलेलं मी त्या घरात पहिल्यांदा ऐकलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी नजर हलवली नाही. तो बादली उचलून दुकानात ठेवून आला आणि दारात उभा राहिला. आत यावं की नाही, त्याला कळेना. कळू नयेच, मी मनात म्हटलं.

ताईनं जिन्यातून आणलेला निळा कोट मांडीवर पसरला. आतल्या शिवणीतून एक धागा ओढला, त्याचं टोक ओलं केलं, सुई खिडकीकडे धरली. उजेड इतका होता की कोटावरचा कणन्‌कण दिसत होता. धागा सुईच्या बाजूनं गेला. तिनं टोक पुन्हा ओलं केलं. पुन्हा बाजूनं गेला. तिनं सुई डोळ्यांजवळ आणली, लांब धरली, मान तिरकी केली. ऊन तिच्या बोटांवर होतं आणि तिला नेढं दिसत नव्हतं.

काचवाल्यानं हे पाहिलं. तो दोन पावलं आत आला आणि चांगला होता तो हात पुढे केला.

"आण इकडे," तो म्हणाला, "मी ओवून देतो."

ताईनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग सुई-धागा माझ्या हातात दिला.