तिवईवाले काका

माझे धाकटे काका मोजणी खात्यात चौतीस वर्षं नोकरीला होते. काम एकच. सर्व्हेअर साहेबांच्या दुर्बिणीखालची तिवई डोंगरावर न्यायची, रोवायची आणि मोजणी उरकली की उचलून पुढच्या डोंगरावर न्यायची. तिवई लाकडी, पायांच्या टोकांना लोखंडी खिळे, वजन नऊ किलो. ऑफिसात त्यांचं नावच तिवईवाले पडलं होतं. घरी मात्र त्या कामाची चौकशी कुणी फारशी केली नाही. माझे बाबा बँकेत, आत्या डॉक्टर. पाहुण्यांसमोर काकांची ओळख ‘हा सरकारी नोकरीत आहे’ एवढ्यावर उरकली जायची. मीही त्यातलीच. चाळीस ओलांडेपर्यंत मला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं की ते कमी बोलतात आणि भराभर चालतात.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीत डोंगरांवर फोटो काढत फिरते. माझा जुना ट्रायपॉड चांगला होता, पण जड. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ‘पाठीवरचं ओझं कमी करा, नाहीतर डोंगर विसरा.’ मग मी हलका, प्रवासाला नेता येईल असा ट्रायपॉड शोधायला लागले. तीन आठवडे इंटरनेटवर वाचून वाचून डोकं पिकलं. कार्बनचा की अॅल्युमिनियमचा, एकात एक सरकणाऱ्या चार कप्प्यांचा पाय की पाच कप्प्यांचा, पिळायचं लॉक की खटक्याचं. एक जण ज्याची आरती ओवाळणार, त्याला दुसरा शिव्या घालणार.

काका एका दुपारी घरी आले होते. माझी ट्रायपॉडच्या नोंदींची वही बघून म्हणाले, ‘‘तिवई घेतेयस होय? दुकानात जाशील तेव्हा मला ने.’’

त्यांनी आपणहून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. शनिवारी आम्ही दोघं गेलो.

दुकान लांबट होतं, काचेच्या कपाटांनी भरलेलं. दुकानदार उत्साही होता. त्याने सुरुवातीलाच हुकमाचा पत्ता काढला: नऊशे ग्रॅमचा, पाच कप्प्यांचा, मिटवला की पिशवीच्या बाजूच्या खिशात मावेल असा. मी हातात घेतला आणि हरखलेच. छत्रीएवढंही वजन नव्हतं.

‘‘हाच द्या,’’ मी म्हणणार, तेवढ्यात काका म्हणाले, ‘‘जरा पाणी मिळेल का? पेलाभर.’’

दुकानदाराने पाणी आणून दिलं. काकांनी ते प्यायलं नाही. तो ट्रायपॉड पूर्ण उंच करून फरशीवर उभा केला, वरच्या चपट्या चकतीवर पेला ठेवला आणि पाणी शांत व्हायची वाट पाहिली. मग एका पायावर बोटाने टिचकी मारली.

पाणी थरथरलं. काका मनातल्या मनात मोजत होते, ओठ हलत होते. ‘‘अकरा,’’ ते म्हणाले. ‘‘अकरा आकडे मोजेपर्यंत अंग हलतंय याचं. दुसरा.’’

दुसऱ्याचं पाणी नऊला थांबलं. तिसऱ्याचं सातला. दुकानदार आधी गालातल्या गालात हसत होता, मग हसायचा थांबला आणि स्वतःच कपाटं उघडून एकेक ट्रायपॉड काढायला लागला. लेन्स बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं लेन्स विसरून आमच्याकडे आली. काकांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ते प्रत्येकाच्या डोक्यावर तळहात ठेवून दाबत, हलकेच पिळत, खाली वाकून सांध्याला कान लावत. शेवटच्या कप्प्याची नळी दोन बोटांत धरून म्हणाले, ‘‘ही बघ, पेन्सिलीसारखी. पाच कप्पे केले की पाचवा असाच येणार. वारा सुटला की पहिला हाच शरण जातो.’’

‘‘मग मधली दांडी वर करून उंची मिळते ना?’’ मी विचारलं.

‘‘ती दांडी म्हणजे तीन पायांच्या गड्याला एका पायावर उभं करणं. ती खालीच असू दे.’’

आठव्या ट्रायपॉडचं पाणी चार आकड्यांत थांबलं. कार्बनचा, चार कप्प्यांचा, खटक्याच्या लॉकचा, तेराशे ग्रॅमचा. काकांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा चार. त्यांनी पेला उचलून पाणी पिऊन टाकलं.

‘‘हा घे. चारशे ग्रॅम जास्त आहे, पण हा उभा राहील. आणि खटका लागलाय की नाही ते लांबून दिसतं. पिळायच्या लॉकचं कसं, हात गारठले की लागलं असं वाटतं आणि लागलेलं नसतं.’’

दुकानदार म्हणाला, ‘‘काका, सतरा वर्षं विकतोय मी हे. असं कुणी बघितलं नव्हतं.’’

‘‘तुम्ही विकलेत,’’ काका म्हणाले. ‘‘मी उभे केलेत.’’

पुढच्या रविवारी सकाळी सातला आम्ही एका उंच कड्यावर होतो. समोर खिंड होती आणि पलीकडच्या दरीतले ढग त्या खिंडीतून अलीकडे सांडत होते. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी घाईने ट्रायपॉड उभा केला, भिंगापुढे उजेड कमी करणारी काळी काच लावली आणि शटर तीस सेकंद उघडं ठेवलं. फोटो हललेला. दुसरा हललेला. तिसराही.

काका मागे उभे होते. ‘‘मी लावू?’’ त्यांनी विचारलं, परवानगी मागितल्यासारखं.

मी बाजूला झाले. ते टाचेने जमीन ठोकत फिरले. एका ठिकाणी आवाज बदलला. ‘‘इथे खाली खडक आहे.’’ मग गुडघ्यांवर बसून त्यांनी ट्रायपॉड रोवला: दोन पाय उताराच्या बाजूला, एक चढाच्या. शेवटचा बारीक कप्पा बाहेर काढलाच नाही. कॅमेरा माझ्या कमरेएवढाच राहिला. माझी पिशवी मधल्या हुकाला अडकवली, पण लोंबती नाही, तळ जमिनीला टेकलेला. ‘‘लोंबती ठेवलीस की तीच झोका घेते.’’ मग मला हाताला धरून चार पावलं मागे नेलं. ‘‘आता पाय हलवू नकोस. जमिनीला कळतं.’’

मी दहा सेकंदांनी आपोआप शटर उघडेल असं बटण दाबलं होतं. त्या अर्ध्या मिनिटात मी काकांकडे पाहत राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, हात अंगाला लावून, झाडासारखा उभा. श्वाससुद्धा दिसत नव्हता. पुढे त्यांनी सांगितलं, एकदा एका सुळक्यावर समोरचं निशाण दिसावं म्हणून ते अकरा दिवस धुक्यात बसून होते. बाराव्या दिवशी धुकं चार मिनिटं फाटलं. साहेबांनी डोळा लावला आणि त्या चार मिनिटांत तिवईभोवतीच्या तिघांपैकी कुणी पाऊल उचललं नाही. ‘‘मला शिंक आली होती,’’ काका म्हणाले, ‘‘ती मी परत पाठवली.’’

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो उमटला. खडकावरचं गवताचं पातं वाऱ्याने पुसट झालेलं, पण खडकाची प्रत्येक भेग कोरल्यासारखी. आणि ढग? ढग राहिलेच नव्हते. खिंडीतून दुधासारखं काहीतरी शांतपणे वाहत होतं. इतकं मऊ, इतकं प्रचंड. ते आमच्या समोरच होतं, पण डोळ्यांना दिसलं नव्हतं.

मी काकांना पडदा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, मग मान वर करून खऱ्या खिंडीकडे, मग पुन्हा पडद्यावर.

‘‘एवढा वेळ दुर्बीण उघडी ठेवता येत असती तर...’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही फक्त कोन लिहून आणायचो गं.’’

मी त्यांना बटण कुठलं ते दाखवलं. पुढचे सगळे फोटो त्यांनी काढले. अकरा वाजता ढग विरले आणि ऊन चटके द्यायला लागलं, तरी त्यांना खाली उतरायचं नव्हतं. दरीचं तोंड पूर्वेला असेल तर ढग कधी येतील, वारा कुठल्या बाजूने वळेल, हे ते मला हाताने दाखवत होते. मुलांना फळ्यावर मी जे वर्षानुवर्षं शिकवत आले ते हा माणूस तळपायांनी शिकला होता, आणि आमच्या घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

त्या गोष्टीला दीड वर्ष झालं. आम्ही सात डोंगर केले. ट्रायपॉड काकाच उचलतात, मला हात लावू देत नाहीत. आणि परवा आत्याकडे कुणी पाहुणे आले होते, तेव्हा बाबांनी काकांना शेजारी बसवून म्हटलं, ‘‘अरे, ते अकरा दिवसांचं काय ते सांग की सगळ्यांना.’’

काका सांगायला लागले. चहा गार झाला, तरी कुणी कप उचलला नाही.